पहिला अंगठा शेठचा

मोरबीतल्या आमच्या टाइल्सच्या कारखान्यात चोरी झाली. चोरी कसली, तर कमळाच्या डिझाइनची. आमची टाइल भट्टीतून निघायच्या आत समोरच्या कारखान्याच्या राघवजीभाईंनी तीच बाजारात आणली. संशय थेट रिंकलबेनवर, कारण कमळ तिनंच काढलेलं. आपलीच वस्तू आपणच चोरायची, हे चौकशी समितीला लगेच पटलं. समिती म्हणजे मालक वशरामशेठचे जावई, चिंतनकुमार. त्यांनी परदेशातून व्यवस्थापनाची पदवी आणली होती. अजून पाकिटातून काढली नव्हती.

"कंपनीचे सगळे फोन जमा करा. दोषी सापडला की आजच घरी!"

"कुमार, नाव घ्या की," रिंकलबेन म्हणाली. "दोषी दोषी काय लावलंय?"

तपासायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला कॉम्प्युटर चालू आणि बंद, दोन्ही करता येतो.

हे फोन धनतेरसला आलेले. पूजेत सगळ्यांना कुंकू लागलं, त्यामुळे निम्मे कॅमेरे अजून जगाकडे लाल डोळ्यांनी बघतात. शुभ म्हणून प्रत्येक फोनच्या लॉकवर पहिला अंगठा शेठनी स्वतःचा नोंदवला. रात्री फोन ऑफिसातच चार्जिंगला. घरी नेले तर घरचे वापरतील!

रिंकलबेनच्या फोनमध्ये कमळ सापडलं. राघवजीभाईंना पाठवलेलं, सकाळी, ऑफिस उघडायच्या आधी.

"सापडली!" जावई उठलेच. "मोठ्यानं वाच. पप्पांना बोलव."

शेठ आले. मी वाचलं, "'जय श्रीकृष्ण. आजच्या मंगल दर्शनाचा लाभ घ्या.' खाली कमळ. हेच गावातल्या निम्म्या कारखानदारांना, दोन व्याह्यांना आणि एका दातांच्या डॉक्टरला गेलंय."

सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन अगरबत्ती कोण लावतं आणि स्वतःचा डेटा वाचवायला हाताला लागेल त्या फोनवरून दर्शन कोण वाटतं, हे भट्टीवरल्या मांजरालाही ठाऊक होतं.

शेठनी चष्मा चढवला. "हे कमळ देवाचं नाही?"

"नाही शेठ. बाथरूमचं आहे."

"पुढे?"

"राघवजीभाई विचारतात, 'फारच सुंदर, कोणी काढलं?' तुमचं उत्तर, 'सगळी प्रभूची लीला.'"

जावई खाली बसले, आणि पदवी आठवून पुन्हा उठले. "तरी फोन बेनचा होता. निष्काळजीपणा! लेखी माफी द्या, नोकरी राहील."

"देवाचं नाव घेणं काही गुन्हा नाही," शेठ भिंतीकडे बघत म्हणाले.

"अरे, आण इकडे," रिंकलबेननं माझ्या हातातला फोन ओढला आणि राघवजीभाईंना लिहिलं, 'मी काढलं. रिंकल.' जावयांचा चहा संपायच्या आत उत्तर आलं, 'आमच्याकडे कधी येताय?'

तिनं फोन जावयांच्या बशीत ठेवला, पर्स उचलली.

"माफीनाम्यावर अंगठा शेठचाच घ्या, कुमार. पहिला त्यांचाच असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फोनवरून माझ्या घरच्या फोनवर दर्शन आलं. या वेळी वॉशबेसिन. मी अंथरुणातूनच हात जोडले.