दोन माऊसचा कॉम्प्युटर

नीरजाने तो फोटो पाहिला दुकानात, अस्तराचं ठाण उलगडता उलगडता. शनिवार पेठेतल्या तिच्या मॅचिंग सेंटरमध्ये गिऱ्हाइकांची वर्दळ अजून सुरू व्हायची होती. श्यामरावांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, नातेवाइकांच्या ग्रुपवर वेडा राघू टाकला होता. तारेवर बसलेला, चोचीत चतुर धरलेला. चतुराच्या पंखांवरच्या रेषासुद्धा मोजून घ्याव्यात इतका स्वच्छ. खाली कौतुकाची रांग लागली होती. भाचा दिग्विजय तर 'मामा, आता प्रदर्शन भरवाच' असं लिहून मोकळा झाला होता.

फक्त पक्षी हिरवा नव्हता. ओल्या मातीच्या रंगाचा होता.

तिने फोन उलटा ठेवला आणि अस्तर मोजायला घेतलं.

श्यामरावांना लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही, हे तिला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. तरुणपणी त्यांची रेल्वेतली नोकरी त्यापायीच हुकली होती. बघायच्या कार्यक्रमातच त्यांनी सांगून टाकलं होतं, "साडी छान आहे तुमची. कुठल्या रंगाची ते मात्र विचारू नका." तिला तो माणूस तिथेच आवडला होता. पुढे पाटबंधारे खात्यात काळ्या शाईने नकाशे काढण्यात त्यांची नोकरी सुखात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी कॅमेरा घेतला, आणि दर थंडीत पहाटे उठून मांजरी गावाच्या पुढे, नदीकाठी कवडीपाटला पक्षी टिपायला जाऊ लागले. कॅमेरा देईल तो रंग, असं इतकी वर्षं चाललं होतं. यंदा मात्र ते फोटो स्वतः सुधारायला शिकले होते. सावल्या उजळायच्या, आकाशाचा उजेड जरा खाली आणायचा, असं काहीबाही. आणि त्यात हात रंगाला लागत होता.

त्यांना हे सांगावं असं तिच्या मनात आलं होतं. पण फोटो हा त्यांचा प्रांत, त्यात आपण कशाला नाक खुपसा, म्हणून ती गप्प राहिली.

तशात लेकीने दिलेल्या जुन्या लॅपटॉपने मान टाकली. एक फोटो उघडेपर्यंत चहाला आधण येई. दोन उघडले तर पडदाच गोठे. श्यामरावांनी आठवडाभर व्हिडिओ पाहिले आणि जेवताना जाहीर केलं, "तयार मशीन घ्यायचं नाही. एकेक भाग निवडून जोडून घ्यायचं. सोमवारी तुझं दुकान बंद असतं, येतेस का सोबत?"

"मी काय करू येऊन?"

"दुकानदार फसवत असेल तर तुला तोंडावरून कळतं."

हे खरं होतं. ती गेली.

तपकीर गल्लीच्या तोंडाशी, एका जिन्यावर, तेजस नावाच्या तरुणाचं दुकान होतं. मूळचा तो लातूरकडचा, आता मांजरीत राहणारा. भिंतीपासून भिंतीपर्यंत खोकी रचलेली, मध्ये एक लांब टेबल, त्यावर पोटं उघडलेले दोन कॉम्प्युटर.

"बोला काका. गेमिंग की ऑफिसवर्क?"

"पक्षी," श्यामराव म्हणाले.

तेजस कॅमेऱ्याच्या पिशवीकडे पाहून हसला. "अच्छा, फोटो एडिटिंग! कुठे जाता पक्षी टिपायला?"

"कवडीपाटला."

"काय सांगता! ते तर आमच्या मागेच. आम्ही तिथून नाक दाबून जातो हो."

"नाक दाबा, पण डोळे उघडे ठेवा," श्यामराव म्हणाले, आणि गाडी रुळावर आली.

नीरजाला वाटलं होतं तसा तेजस काही गळ्यात मारणारा निघाला नाही. श्यामरावांनी व्हिडिओंत पाहून एक भलंमोठं ग्राफिक्स कार्ड मनात धरलं होतं. तेजसने ते खोक्यातून काढूनही दाखवलं नाही. "काका, हे खेळणाऱ्यांसाठी. तुमच्या कामाला लहान पुरे. त्यापेक्षा रॅम दुप्पट टाकू. रॅम म्हणजे टेबलाची जागा समजा. टेबल मोठं असेल तर चार फोटो पसरून बसता येतं." फोटो साठवायला त्याने दोन डिस्क सुचवल्या. चालू कामासाठी लहान पण चपळ, आणि जुन्या साठ्यासाठी मोठी, संथ. श्यामराव माना डोलावत होते. आपल्या नवऱ्याला असं रंगून बोलताना नीरजाने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"आणि मॉनिटर?" तेजसने विचारलं.

"तो कुठलाही चालेल. स्वस्तातला द्या. तिथले वाचवून प्रोसेसर चांगला टाका."

"काका, उलटं करा ना. एडिटिंगचं सगळं तर मॉनिटरवरच दिसणार."

"म्हटलं ना, कुठलाही चालेल."

आवाज चढला नव्हता, पण ताठ झाला होता. तेजस गोंधळून खोक्यांकडे पाहू लागला. नीरजाने श्यामरावांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. ग्रुपवरचं ते कौतुक त्यांनी खरं मानलं नव्हतं. कुठेतरी काहीतरी चुकतंय हे त्यांना कळत होतं, फक्त काय ते दिसत नव्हतं.

मग श्यामराव स्वतःच म्हणाले, "मला लाल-हिरवा कळत नाही, तेजस. उत्तमातला पडदा माझ्यापुढे ठेवून काय उपयोग? त्याचाच अपमान तो."

गल्लीतून एका टेम्पोने तेवढ्यात लांबलचक हॉर्न दिला.

"मॉनिटर दाखवा," नीरजा म्हणाली. "चांगल्यातले. मी बघते."

"तू?" श्यामराव वळले. "तुला कंटाळा येतो ना फोटोंचा."

"असं मी कधी म्हटलं?"

"कधी जवळ येऊन बसली नाहीस."

"तुम्ही कधी बोलावलं नाहीत."

तेजस दोन मॉनिटर आणायला आत गेला. त्याला जरा जास्तच वेळ लागला, आणि तो मुद्दाम लावला असावा.

दोन्ही पडदे शेजारी शेजारी उभे राहिले. श्यामरावांनी पेन ड्राइव्ह दिला. वेडा राघू दोन्हीकडे एकदम उमटला. डावीकडचा झगझगीत, उजवीकडचा जरा निवलेला.

"सगळे डावा उचलतात," तेजस म्हणाला.

"उचलणारच. लग्नाच्या हॉलमधली साडी आहे ती," नीरजा म्हणाली. "तिथे अशीच चमकते, घरी आणली की वेगळीच निघते. पण तुमचा हा उजवाही मला पटत नाही. पिवळट मारतोय."

"तो पिवळट नाही काकू. आमच्या दुकानाचा दिवा पांढरा, निळसर आहे ना, त्याच्यापुढे तसा वाटतो. थांबा." त्याने टेबलावरचे दिवे बंद केले, खिडकीचा पडदा ओढला. "आता डोळ्यांना थोडा वेळ द्या."

तिने दिला. अंधाऱ्या दुकानात हळूहळू उजवीकडचा पिवळेपणा विरत गेला आणि मागचं आकाश आकाशासारखं दिसू लागलं. नीरजाला हसू आलं. ट्यूबलाइटखाली ब्लाउजपीस पसंत करणाऱ्या किती बायकांना तिने हाताला धरून दुकानाच्या पायरीवर, उन्हात नेलं होतं! आणि आज स्वतःच दिव्याला फसली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "हाच चांगला आहे."

"त्याला महिन्या-दोन महिन्यांनी एक छोटं यंत्र लावून रंग तपासून घ्यायचे. ते मी करून देईन, मी जाता-येता आहेच."

श्यामराव मात्र पडद्याकडे नव्हे, तिच्याकडे बघत होते. "नीरजा, खरं सांग. या राघूचं काय बिनसलंय?"

आता टाळण्यात अर्थ नव्हता. "मातकट झालाय हो. हिरवा हवा ना तो? कोवळ्या पोपटी पानासारखा."

"तरीच त्या दिवशी ग्रुपवर आपल्या पुतण्याने, अभयने विचारलं, हा चिमणीचा कुठला प्रकार!" ते मोठ्याने हसले. त्या हसण्याने दुकानातला ताण पार उतरला. "मी तर फक्त सावली उजळली होती. मग हा टिंटचा, म्हणजे रंगछटेचा, दांडा थोडा सरकवला, तर मला काही फरकच पडला नाही असं वाटलं."

"दांडा कुठला तो दाखवा."

तेजसने तिच्या हाती माऊस दिला. तिने तो टिंटचा दांडा अगदी थोडा डावीकडे ढकलला. जास्त झालं, पिसांवर शेवाळ आलं. थोडा मागे घेतला. मान वाकडी करून पाहिलं, पुन्हा केसभर सरकवला. मातीतून हिरवा रंग वर आला, गळ्याखालचा निळा पट्टा वेगळा झाला, डोक्यावरची तांबूस झाक उमटली. तिने माऊस सोडला.

"आता?" श्यामरावांनी विचारलं.

"आता बरोबर."

त्यांना पडद्यावर फारसं काही बदललेलं दिसलं नाही. पण त्यांनी मान हलवली आणि तेजसला म्हणाले, "हा मॉनिटर बांधा. प्रोसेसर मधला चालेल."

पुढची निवड भराभर झाली. कॅबिनेटला तेजसने रंगीत दिव्यांचे पंखे सुचवले, तेव्हा नीरजा म्हणाली, "माळा आहेत आमच्याकडे, दिवाळीत लावतो." मग साधं काळं कॅबिनेट आणि मोठे, हळू फिरणारे पंखे ठरले. श्यामरावांनी चालू मशीनला कान लावून त्यांचा आवाज ऐकला आणि होकार दिला. कीबोर्डची बटणं नीरजाने दाबून पाहिली. सगळं आटोपल्यावर तिने विचारलं, "एका कॉम्प्युटरला दोन माऊस लागतात का हो?"

"लागतात की. दोन्ही चालतात. फक्त एकदम हलवू नका, बाण बिचारा बावचळतो."

"मग दोन द्या."

आठवड्याच्या शेवटी तेजस स्वतः सगळं जोडून घेऊन आला. खिडकीसमोर ऊन पडद्यावर येत होतं, म्हणून टेबल आतल्या भिंतीला लावलं, आणि जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची कायमची तिथे गेली. दुकान बंद करून नीरजा घरी आली की दोघं तासभर बसू लागली. कातर श्यामरावांची, रंग तिचा. म्हणजे कुठला फोटो ठेवायचा, कुठे कापायचा, पक्ष्याच्या नजरेपुढे किती जागा सोडायची, हे ते ठरवत. यात त्यांची नजर पक्की होती. नीरजाला सगळेच फोटो सारखे वाटत, ते मात्र मानेच्या एका वळणावरून दहातला एक उचलत. मग माऊस तिच्याकडे जाई. कधी कधी दोघं एकदम हलवत आणि बाण खरोखरच बावचळे.

"हे बदक किती केशरी असतं?" तिने एकदा विचारलं.

"मला विचारतेस?"

"बरं, मग कुणाला विचारू? मला माहीत नाही, तुम्हाला दिसत नाही."

त्यावर उपाय एकच होता. पुढच्या सोमवारी सूर्य उगवायच्या सुमारास दोघं स्कूटरवरून कवडीपाटला पोचली. तेजसने सांगितलं होतं तसा वास होताच. नीरजाने पदर नाकाला लावला, मग थोड्या वेळाने विसरून सोडून दिला. जलपर्णीच्या कडेने पाण्यावर वाफ तरंगत होती. पलीकडे दगडांवर काही मोठे पक्षी बसले होते.

"चक्रवाक. तुझं ते केशरी बदक," श्यामराव हलक्या आवाजात म्हणाले. "थंडीचे पाहुणे. उडताना पंखाखाली पांढरं दिसेल, बघ." त्यांनी तिला दुर्बीण दिली आणि तिच्या खांद्याला धरून थोडं वळवलं.

तिला आधी नुसतं पाणी दिसलं, मग दगड, मग एकदम पक्षी.

"काय रंग आहे?" त्यांनी विचारलं.

"भाजलेल्या विटेचा. पण मानेपाशी फिकट होत जातो, दुधात केशर घातल्यासारखा." तिने दुर्बीण खाली केली नाही. "आणि ते बाजूला एकटंच काय उभं आहे, लांब पायांचं?"

"शेकाट्या. त्याचे पाय कसले आहेत, सांग."

"गुलाबी," नीरजा म्हणाली. "अहो, चक्क गुलाबी!"

श्यामराव गालात हसले आणि त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला.