राखीव टेबलं

गिऱ्हाईक ओसरायला लागलं तेव्हा दादाने पितळी पाट्या करून आणल्या. प्रत्येकीवर एकच शब्द : ‘राखीव’.

“कोणासाठी रे?” मी गल्ल्यावरून विचारलं.

“कोणासाठीच नाही. रिकामं टेबल दिसलं की माणूस बाहेरूनच जातो. राखीव दिसलं की त्याला वाटतं, इथे काहीतरी खास आहे.”

दादा माझा थोरला भाऊ. रेस्टॉरंट त्याचं, स्वयंपाकघर वहिनीचं आणि गल्ला माझा. म्हणजे गल्ल्यात काय नाही, हे सगळ्यात आधी मला कळतं. दादाचा स्वभाव असा, की वाईट बातमी आली की तो तिला इस्त्री करतो. वरचा हॉल ओस पडला तेव्हा त्याने तिथे झुंबर लावलं. भाडं थकलं तेव्हा जागामालकाला जेवायला बोलावून सगळीकडे पाट्या मांडल्या. मालक खूश. “धंदा जोरात आहे की!” म्हणाला, आणि भाडं वाढवायचं मनात घेऊन गेला.

पण खरा घोर वेगळा होता. आम्हाला माल पुरवणारे काका, बाबांचे जुने दोस्त, त्यांची उधारी चढली होती. त्यांनी एक कागद करून ठेवला होता. रेस्टॉरंटने पैसे दिले नाहीत तर दादाने द्यायचे, आणि तारण म्हणून आमचं राहतं घर. दादाने सही केली तरच पुढचा माल. काका उद्या दुपारी येणार होते आणि दादा सही करणार होता.

“काकांनी मला खांद्यावर बसवून फिरवलंय. त्यांना नाही कसं म्हणू?”

“खांद्यावर बसवलं म्हणून घर?” वहिनी आतून म्हणाली. “कडेवर घेतलं असतं तर मलाही देऊन टाकलं असतंत!”

तेवढ्यात मला काचेपलीकडे सूपवाल्या बाई दिसल्या. कोपऱ्यात बसून एकटीने सूप पिणाऱ्या, म्हणून आमच्यात त्यांचं हे नाव. पेशाने वकील होत्या. दादा चेष्टेने त्यांना बुडत्या दुकानांच्या वकील म्हणायचा. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि चालू लागल्या. मी गल्ला तसाच टाकून धावले.

“ताई! अहो ताई!”

“अगं, तुमच्याकडे हल्ली जागाच नसते. कितीदा परत गेले. चांगलं चाललंय, बरं वाटलं.”

“आत या ताई. राखीव कोण्णासाठी नाहीये.”

दादा लगबगीने पुढे आला. “या, या! आज जरा गर्दी आहे, पण तुमच्यासाठी करतो काहीतरी.” त्याने मोठ्या तोऱ्यात एक पाटी उचलली.

बाईंनी सगळीकडे नजर फिरवली. “तुमची गर्दी फार शांत आहे हो.”

दादाचा चेहरा पडला. वहिनीने सूप आणलं आणि समोरची खुर्ची ओढून बसली. इतक्या वर्षांत ती बाहेरच्या खुर्चीवर कधी बसली नव्हती. तिने सगळं सांगून टाकलं. दादा नुसता रुमालाच्या घड्या घालत राहिला.

“लवकर सांगितलंत,” बाई म्हणाल्या.

“लवकर? ताई, पाणी गळ्यापर्यंत आलंय!” वहिनी म्हणाली.

“म्हणजे तोंड अजून बाहेर आहे. बोलता येतंय. माझ्याकडे लोक येतात ते दाराला कुलूप लागल्यावर. मग मी काय, डोळे पुसायला रुमाल देते.” त्यांनी ब्रेड सुपात बुडवला. “रेस्टॉरंट कंपनीच्या नावावर आहे ना?”

“बाबांनीच केलेली कंपनी,” दादा म्हणाला.

“आणि तुम्ही अजून कुठेच स्वतः जामीन राहिलेला नाहीत?”

“नाही.”

“मग हे कर्ज कंपनीचं. आज घर त्यात नाही. उद्या सही केलीत की येईल. सही नाही. जो मोठ्याने ओरडतो त्यालाच सगळे पैसे, असंही नाही. ज्यांचं ज्यांचं देणं आहे त्यांना बोलवा आणि खरं काय ते सांगा. वरचा हॉल मालकाला परत द्या.”

“झुंबरासकट?”

“ते मालकाशी बोलून ठरवू. कोणाच्या घरी लपवायचं मात्र नाही.”

दादाने रुमालाची आणखी एक घडी घातली. मग हळूच म्हणाला, “मोठा ओव्हन?”

“तोही नाही.”

वहिनीने कपाळावर हात मारला. ओव्हनसाठी तिच्या भावाने परसात जागासुद्धा करून ठेवली होती.

“सूप आमच्याकडून,” दादा म्हणाला.

“मुळीच नाही. सुपाचे पैसे मी देणार, सल्ल्याचे तुम्ही. जमेल तसे द्या, पण द्या.”

दुसऱ्या दिवशी काकांची गाडी दारात थांबली आणि दादाचे हात सवयीने पाट्यांकडे गेले. दोन टेबलांवर त्याने मांडल्याही. मग थबकला, सगळ्या गोळा केल्या आणि मळक्या टेबलक्लॉथच्या टोपलीत टाकल्या.

“काय रे, आज सगळं मोकळं?” काकांनी दारातूनच विचारलं.

“रोजच असतं काका. मी पाट्या लावून ठेवायचो.”

काका बसले. कागद काढून टेबलावर ठेवला. दादाने पाणी ओतलं, निम्मं टेबलावर.

“काका, सही नाही करणार. घर नाही देणार. पुढच्या आठवड्यात सगळ्यांना बोलावतोय. तुम्हीही या. वकीलबाई असतील.”

“म्हणजे मी आणि तो गॅसवाला एका रांगेत?”

“हो काका.”

मी गल्ल्याची किल्ली मुठीत घट्ट धरून बसले होते.

काकांनी एकेक रिकामं टेबल बघून घेतलं. “गाढवा,” ते म्हणाले, “रोज इथून जाताना बघायचो, सगळं राखीव. म्हटलं, इतकी गर्दी आणि मला द्यायला पैसे नाहीत? पोरगा मला बनवतोय. म्हणून तर कागद केला!”

स्वयंपाकघरातून पातेलं पडल्याचा आवाज आला. ते वहिनीचं हसू होतं की राग, मला अजून कळलेलं नाही.

काकांनी कागद घडी करून खिशात घातला. “येतो त्या दिवशी. पण भांडायला येतो, समजलास? आणि यापुढे माल रोखीने.”

“हो काका.”

“आता जेवायला वाढ. जागा आहे ना?”

रेस्टॉरंट टिकेल की नाही, ते अजून ठरायचंय. त्या संध्याकाळी आम्ही घरी गेलो. वहिनीने तिच्या झाडांना पाणी घातलं आणि दादा जेवणाआधीच गाढ झोपला. पाट्या टोपलीतच आहेत. एक तेवढी वहिनीने काढली आणि सूपवाल्या बाईंच्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवली. आता टेबल हलत नाही.