मेरी साळवे

इथे आखातात, बिन महमूद भागातल्या आमच्या दवाखान्यात तीन मेरी आहेत. डॉक्टर मेरी आयर्लंडच्या, रिसेप्शनवरची मेरी फिलिपिन्सची आणि नर्स मेरी, म्हणजे मी, जालन्याची. रविवारी मॅनेजर अवधूत सरांनी ड्युटीच्या बोर्डावर माझ्या नावापुढे तीनचा आकडा घातला. मी तो पुसला. सोमवारी तो परत आला. मी परत पुसला.

मंगळवारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते नाशिकचे, माझ्याशी मराठीतच बोलतात.

"सिस्टर, पेशंटचा गोंधळ होतो हो. आकडा नको असेल तर तुमचं खरं नाव लिहू."

"मेरी."

"ते झालंच. पण तुम्ही आपल्या मराठी. घरचं, मूळचं काहीतरी असेल ना? सुनीता, मंगल?"

रिसेप्शनवरच्या मेरीला तिचं मूळचं नाव कुणीही विचारलं नव्हतं. मी त्यांच्या टेबलावरचा मार्कर उचलला.

"सर, माझ्या आजीनं अठराव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. मेरी हे नाव तिनं स्वतः निवडलं. आधीच्या नावानं तिला विहिरीवरून हाकलायचे, म्हणून ते तिनं आम्हाला मरेपर्यंत सांगितलं नाही. मी तिचं नाव लावते."

मी बाहेर जाऊन बोर्डावर ठळक अक्षरांत 'मेरी साळवे' लिहिलं आणि मार्कर त्यांच्या टेबलावर परत ठेवला.

"नाव बदलायचं काम आमच्या घरात एकदा झालंय, सर. परत होणार नाही."