तिघी

पक्षाघातानंतर नरसिंहरावांची मराठी गेली, कन्नड गेली, इंग्रजीही गेली. उरली ती फक्त अरामी. बायबलच्या काही भागांची ही जुनी भाषा त्यांनी बेंगळुरूच्या एका कॉलेजात आयुष्यभर शिकवली होती. ते काय बोलतात ते घरात कुणाला कळेना. म्हणून त्यांच्या मुलीनं, राजलक्ष्मीनं, त्यांची जुनी विद्यार्थिनी मनस्विनी हिला बसवनगुडीच्या घरी बोलावलं.

दुपार होती. राजलक्ष्मीचा धाकटा भाऊ शुभंकरही सर्जापूर रोडहून आला होता. सरांनी सावकाश खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "तलात."

"तीन," मनस्विनीनं सांगितलं.

"आपण तिघं. बरोबर आहे की!" शुभंकर हसला. "अक्का, अप्पांचं डोकं शाबूत आहे."

मनस्विनी हसली नाही. "पुरुष असले तर 'तलाता' म्हणतात. 'तलात' म्हणजे तिघी. नुसत्या बायका."

"चुकले असतील."

"यात सर चुकायचे नाहीत. अरामीत तीनपासून उलटं होतं, बायकी वाटणारा शेवट पुरुषांना लागतो. हेच चुकले म्हणून मी वर्गात उभी राहिलेय."

खोलीत बायका दोनच होत्या. सर पलंगाच्या पायथ्याशी बघत होते.

मनस्विनी उठून बाहेर गेली. आतून आवाज आला, "तर्तेन." दोघी. शुभंकर बाहेर आला, तरी तर्तेनच. शेवटी राजलक्ष्मीही आली. दार लोटून तिघं कान देऊन उभी राहिली. आत आता सर एकटेच होते.

"हदा," ते हळुवारपणे म्हणाले.

"एक," मनस्विनी पुटपुटली. "एक बाई."

शुभंकर दारापासून मागे सरला. राजलक्ष्मी मात्र सरळ आत गेली आणि पायथ्याच्या मोकळ्या जागेसमोर उभी राहिली. तिची आई, अनुसूया, याच खोलीत वारली होती.

"आई, त्यांना इतक्यात नेऊ नको गं," ती म्हणाली. "मी एकटी पडेन."

सर त्यानंतर महिनाभर होते. एका सकाळी झोपेतच गेले.

तेराव्यानंतर शुभंकर बहिणीला आपल्या घरी न्यायला आला. "सरी, बरं, बघते," ती म्हणाली, आणि गेली नाही.

पुढं एकदा मनस्विनी तिला भेटायला गेली. दाराशी पोचली तर आत राजलक्ष्मी कुणाशी तरी बोलत होती. मधेच थांबायची, ऐकायची, मग हसायची. दुसरा आवाज नव्हता.

मनस्विनीनं बेल वाजवलीच नाही.