नुसतं ‘आहे’ म्हणू दे

“दिवसातून एकदा तरी त्याला ‘आहे’ म्हणू दे गं,” सोल्डरिंगची गन खाली ठेवत शेजारच्या टेबलावरची कुरळी कंजूषला म्हणाली होती. “नाहीतर गप्प आहे म्हणजे सगळं बरं आहे की हाच मेलाय, हे कळायचं कसं?”

‘त्याला’ म्हणजे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी गळ्यात घालायच्या बिल्ल्याला. घालणारा पडला की घरच्यांच्या फोनवर निरोप धाडायचा, एरवी झोपून राहायचं, एवढंच त्याचं काम. त्याचं सर्किट कंजूषनं बनवलेलं. ऑफिसात तिला हे नाव कौतुकानं पडलं होतं. वीज वाचवावी तर तिनंच. तान्हं बाळ पाळणाघरात ठेवून तिनं त्याची बॅटरी तीन वर्षं पुरेल अशी करून दाखवली होती. रोज ‘आहे’ असा निरोप धाडायचा तर त्यातले काही महिने जाणार.

हिला माझी तीन वर्षं बघवत नाहीत, कंजूष मनात म्हणाली. तोंडानं म्हणाली, “बघू.” ते बघणं राहूनच गेलं.

कुरळी तिच्या डोळ्यांत आधीपासूनच खुपायची. मागे लेकरू नाही, घरी पळायची घाई नाही, वर साहेबांची लाडकी. त्यात राहायची कंजूषच्या आईच्याच गल्लीत, येता-जाता तिच्याकडे डोकवायची. आई फोनवर म्हणायची, “ती येते गं बघायला. तू आपली बाळाकडे बघ.” म्हणजे आईसुद्धा तिकडेच!

पहिला बिल्ला कंजूषनं आईच्याच गळ्यात घातला. एका दुपारी बाळाला भरवता भरवता तिनं फोन पाहिला. निरोप नव्हता. म्हणजे आई बरी.

संध्याकाळी कुरळीचा फोन आला. “घाबरू नकोस. काकू बाथरूममध्ये पडल्यात. सकाळपासून तशाच होत्या. शुद्धीवर आहेत.”

वाफेची ओल शिरून बिल्ला केव्हाच बंद पडला होता.

दवाखान्यात आईनं हात धरून ठेवला होता तो कुरळीचा. कंजूषला आधी तो हात बोचला, मग आईचा मोडलेला खुबा.

पुढच्या बिल्ल्यात ‘आहे’ आलं. साहेबांनी चारचौघांत कंजूषची पाठ थोपटली. टाळ्या वाजवणाऱ्यांत कुरळीही होती. कल्पना कुणाची, हे सांगायला कंजूषचं तोंड उघडलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कुरळीनं नोकरी सोडली, खोलीही सोडली. पत्ता कुणाकडेच नाही. आई काठी टेकत दारापर्यंत येते आणि विचारते, “तिचा काही फोन?” कंजूषनं केलेले फोन वाजून वाजून थांबतात.

तुमच्या जिन्यात कुणी कुरळ्या केसांची, बोटांवर चटक्यांचे डाग असलेली एकटी बाई राहायला आली असेल, तर तेवढी बेल वाजवून बघा. गप्प आहे म्हणजे बरीच असेल, असं धरून चालू नका. नुसतं ‘आहे’ म्हणाली तरी पुरे.