सोंगटीला काहीच दिसत नव्हतं

मित्रांनो, मी एक जुना, दमलेला संगणक आहे. टेबलाखाली ठेवतात तो काळा डबा. घरोघरी मला नुसतं 'सीपीयू' म्हणतात, खरं तर ते माझ्या आतल्या एका छोट्या भागाचं नाव, आणि ती चूक सुधारण्याचा उत्साह आता माझ्यात उरलेला नाही. माझा पंखा सुरू झाला की बाहेरच्या खोलीतली माणसं टीव्हीचा आवाज वाढवतात. तरीही तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर सांगतो.

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका दुकानात झाला. जन्म कसला, जुळवाजुळव. मदरबोर्ड एकाचा, हार्ड डिस्क दुसऱ्याची, डबा तिसऱ्याचा. दुकानातले सिंधी शेठ प्रत्येक गिऱ्हाइकाला छातीवर हात ठेवून सांगत, "साईं, दस साल इसको देखना भी मत." आणि खरोखरच माझ्याकडे कोणी बघितलं नाही. पहिली सात वर्षं मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर काढली. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे पास छापायचे, तिन्ही पाळ्या, सुट्टी नाही. तिथल्या हवेतली पांढरी पूड माझ्या पंख्यात जाऊन बसली, ती अजून पुरती निघालेली नाही. माझं चालू-बंदचं बटणही तिथेच दाबून दाबून आत गेलं. तेव्हापासून भिंतीवरचा स्विच दाबला की मी चालू होतो आणि अडलो की तोच स्विच बंद करून परत लावावा लागतो. पुढे गेटवर नवीन यंत्रं आली. मला भंगारात काढणार होते, तेवढ्यात स्टोअरमध्ये कामाला असलेल्या सुयोगने मला मागून घेतलं आणि बदलापूरला, बेलवलीतल्या आपल्या घरी नेलं.

मला वाटलं, आता आराम. पण आराम माझ्या नशिबात नव्हता.

सुयोगचे तीन जिवलग मित्र. एक अभिजीत, त्याच्याच कारखान्यात मेंटेनन्सला असलेला, अंबरनाथला शिवमंदिराजवळ आईबरोबर राहणारा. दुसरी चैत्राली, बँकेत काम करणारी. तिसरा शौनक, पुढे नोकरीसाठी पुण्याला गेलेला. या चौघांना गोष्टीच्या खेळाचं वेड होतं. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात आणि कुठे अडलं, की फासा टाकून काय घडलं ते ठरवतात. चार वर्षं ते दर रविवारी दुपारी अभिजीतच्या घरी जमत होते. सुयोग सूत्रधार आणि अभिजीत वाटाड्या. त्याचा वाटाड्या पुढे चालायचा आणि मागून बाकीचे भांडत यायचे, असं मी ऐकून आहे.

मग गेल्या वर्षी, पहिल्या पाळीला जाताना अभिजीतची रिक्षा उलटली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत सळई घालावी लागली. तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता वॉकर धरून उभं राहायचं. पण अभिजीत उभा राहीना. व्यायाम घ्यायला ताई यायच्या, त्यांना तो रोज म्हणायचा, "उद्यापासून." मित्र भेटायला गेले तर डोळे मिटून घ्यायचा. शेवटी त्याची आई, संजीवनीकाकू, फोनवर सुयोगला म्हणाल्या, "बाळा, पायाचं मला काही वाटत नाही रे, पाय होईल बरा. पण पोरगं आतून खचलंय. डॉक्टर बोलले, आता चाललं नाही तर पाय असाच आखडणार." हे मी स्पीकरवर ऐकलं. फोन ठेवल्यावर सुयोग बराच वेळ माझ्या पडद्याकडे बघत बसला, आणि मी ओळखलं की आता माझ्यावर काहीतरी काम येणार.

आलंच. हल्ली असा एक प्रोग्राम मिळतो, ज्यात खेळाचं टेबलच संगणकावर मांडतात. नकाशे, सोंगट्या, फासे, सगळं. ज्याने त्याने आपापल्या घरून लिंक उघडायची आणि खेळायला बसायचं. सुयोगने ठरवलं, अभिजीत पलंगावरून उठत नाही ना, मग टेबलच त्याच्या पलंगावर नेऊ. कल्पना चांगली होती, पण टेबल उचलायचं होतं मी.

कामावरून आला की जेवणापर्यंत तो माझ्यासमोर. आधी तर लिंक बाहेरून उघडेचना. राउटरच्या आत शिरून कुठली तरी वाट मोकळी करावी लागते, त्यात पहिला आठवडा गेला. मग त्याने किल्ल्याखालच्या भुयाराचा नकाशा केला. भिंती आखल्या. मशाली लावल्या. मशालींचा उजेड हलता केला. पाण्याचा आवाज घातला. हे सगळं माझ्या जुन्या मेमरीत बसवताना माझा जीव मेटाकुटीला आला. मी रडतखडत नकाशा उघडला की तो म्हणायचा, "चल रे डब्या, अजून एक थर." त्याला वाटायचं, हे सगळं जितकं सुंदर होईल, तितका अभिजीत लवकर बरा होईल. जीव लावणारी माणसं असलाच हिशेब करतात, मला त्याचा राग येत नाही.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. या प्रोग्राममध्ये नकाशावर अंधार पसरवता येतो. मग प्रत्येक खेळाडूला तेवढंच दिसतं, जेवढं त्याच्या सोंगटीला दिसतं. सोंगटीला दिसावं म्हणून एका चौकोनात खूण करावी लागते. चैत्राली आणि शौनकच्या सोंगट्या सुयोगने तयार नमुन्यावरून काढल्या, त्यात ती खूण आधीच होती. अभिजीतची सोंगटी मात्र त्याने मुद्दाम नव्याने केली. तीन संध्याकाळी बसून वाटाड्याचं चित्र काढलं, खांद्यावर घोंगडी दाखवली, दाढीसुद्धा अभिजीतसारखीच. आणि चित्राच्या नादात ती खूण करायचीच राहिली. मला ते दिसत होतं. पण मित्रांनो, यंत्राला जे सांगतात ते यंत्र करतं. 'अहो, हे राहिलंय' असं म्हणायची आमची सोय नसते.

रविवारी दुपारी चौघे जोडले गेले. आवाज फोनच्या कॉलवर, टेबल माझ्यावर. अभिजीत मोबाइल घेऊन पडल्या पडल्या आला, हेही काकूंनी खूप समजावल्यावर. सुयोगने सुरुवातीलाच बजावलं, "आज भुयारात अंधार आहे. काय दिसतंय, काय नाही, असं कोणी मध्ये मध्ये विचारू नका हां, मजा जाते." सूत्रधाराला सगळा नकाशा उजेडात दिसतो. चैत्रालीला भिंती दिसल्या, शौनकला पाणी दिसलं. दोघं हरखून गेले.

"भारी यार! सुयोग्या, मशाल हलतेय बघ!" शौनक ओरडला.

आणि अभिजीतच्या मोबाइलवर नुसता काळा पडदा होता. एक तास वीस मिनिटं. मी मोजली, कारण तो काळा पडदा मीच पाठवत होतो. त्याची पाळी आली की तो हळूच म्हणायचा, "माझं पास." मग आवाजही बंद करून ठेवला. बाकीच्यांना वाटलं, बिचारा थकला असेल. शेवटी तो न सांगता निघून गेला आणि संध्याकाळी ग्रुपवर दोनच ओळी आल्या. 'तुमचं मस्त चाललंय. मला नका धरू आता.'

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. "काय झालं रे काल? भिंतीकडे तोंड करून पडलाय. व्यायामवाल्या ताईंना बोलला, यापुढे येऊच नका."

सुयोगने सगळा राग माझ्यावर काढला. "हा डबाच स्लो आहे, त्याला बोअर झालं असणार." माझ्या पाठीवर दोन चापट्या मारल्या. मग माझं झाकण उघडलं, पूड झटकली, कुठून तरी मेमरीची एक जादा पट्टी आणून बसवली. तेवढाच मला श्वास घेता आला, पण दुखणं तिथे नव्हतं. मला बोलता आलं असतं, तर त्या दिवशी मी पंखा फुटेपर्यंत ओरडलो असतो.

मंगळवारी संध्याकाळी चैत्राली बेलवलीला आली. दहा मिनिटं सुयोगची रड ऐकली आणि म्हणाली, "एक सांग. अभिजीतच्या नावाने आत जाऊन बघितलंस का कधी, त्याला काय दिसतं ते?"

"त्यात काय बघायचं? मीच तर केलंय सगळं."

"म्हणूनच विचारतेय."

सुयोगने अभिजीतच्या नावाने टेबल उघडलं. माझा पडदा काळा झाला. आधी त्याला वाटलं, मी बंद पडलो. त्याने माझा दिवा बघितला, माउस हलवला. कोपऱ्यात नुसतं नाव होतं, वाटाड्या. मग त्याला कळलं. तो खुर्चीत मागे टेकला आणि तोंडावर हात घेऊन म्हणाला, "सव्वा तास तो हे बघत बसला होता, चैत्राली. आणि आपण मशाली बघून ओरडत होतो."

अभिजीत फोन उचलेना. म्हणून पुढच्या रविवारी सकाळी सुयोगने मला चादरीत गुंडाळलं, पडदा चैत्रालीच्या मांडीवर दिला आणि आम्ही रिक्षाने अंबरनाथला निघालो. प्रत्येक खड्ड्याला माझी हार्ड डिस्क देवाचं नाव घेत होती. शिवमंदिरापाशी नारळवाल्यांच्या गर्दीत रिक्षा अडली, तेव्हा सुयोग गुपचूप मनातल्या मनात माफीचं भाषण पाठ करत होता, त्याचे ओठ हलताना मला दिसले.

पलंगाशेजारच्या स्टुलावर मला मांडलं. वायर लांब ओढून दाराजवळच्या स्विचला लावली. अभिजीतने मान वळवली नाही. सुयोग भाषण विसरला.

"अभ्या, तुझ्या सोंगटीला मी नजरच दिली नव्हती. विसरलो. चूक माझी आहे."

अभिजीत भिंतीकडे बघतच म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही ठरवून केलंय. याला काही जमायचं नाही आता, नुसतं बसवा कोपऱ्यात, म्हणजे वाईट नको वाटायला."

"गाढवा, विचारायचंस ना!"

"तूच बोललेलास, विचारू नका म्हणून."

यावर सुयोग रडला. अगदी उघड, नाक ओढत. काकू स्वयंपाकघरातून आल्या आणि काही न विचारता परत गेल्या. अभिजीतने मान वळवली आणि माझ्या काळ्या पडद्याकडे बघितलं. "कुठे करतात ती खूण? दाखव."

माझ्यापर्यंत हात पोचायला त्याला उठून बसावं लागलं. कित्येक महिन्यांत तो पहिल्यांदा स्वतःहून बसला. त्याने खूण केली. भुयार उजळलं, पाणी वाजलं. तो वाटाड्याची दाढी बघून हसला आणि म्हणाला, "माझी एवढी वाकडी नाहीये."

सुयोगने मला तिथेच ठेवलं आणि जाताना म्हणाला, "आता सूत्रधार तू. मी दोन महिने शिकलो तरी घोळ घातला." अभिजीत नको नको म्हणाला, पण दुसऱ्याच दिवशी दुपारी मला चालू करायला काकूंना सांगितलं. त्याने अर्ध्या मशाली काढून टाकल्या. माझं ओझं उतरलं, म्हणून मी मनात त्याला आशीर्वाद दिला. खेळ सुरू करण्याआधी तो प्रत्येकाला नाव घेऊन विचारायचा, "तुला काय दिसतंय? नीट सांग." सगळ्यांनी सांगितल्याशिवाय गोष्ट पुढे जात नसे.

पाचव्या रविवारी, ऐन रंगात, मी अडलो. मुद्दाम नाही, खरंच माझ्यात त्राण नव्हतं. पडदा गोठला. फोनवर शौनक ओरडत होता, "अभ्या, पूल तुटला की नाही ते तरी सांग!" मला बंद करून परत लावायला हवं होतं आणि स्विच दाराजवळ. अभिजीतने "आई" म्हणून दोन हाका मारल्या. काकू खाली गिरणीत गेल्या होत्या. त्याने माझ्याकडे बघितलं, स्विचकडे बघितलं, मग पलंगाच्या पायथ्याशी ठेवलेल्या वॉकरकडे बघितलं. वाकून त्याने तो जवळ ओढला. "थांबा रे दोन मिनिटं," तो फोनवर म्हणाला.

चार पावलं होती. तिसऱ्या पावलाला तो थांबला, आई गं म्हणाला, आणि मी धरलेला श्वास तसाच धरून राहिलो. मग स्विच वाजला. मी परत चालू झालो, तेव्हा तो दाराला टेकून उभा होता आणि पीठ घेऊन आलेल्या काकू उंबरठ्यावर डबा छातीशी धरून त्याच्याकडे बघत होत्या. माझ्या आयुष्यात मी हजार वेळा बंद पडलो, शिव्या खाल्ल्या. माझ्या बंद पडण्याचं सोनं झालं, ते एवढं एकदाच.

मित्रांनो, आमची निगा राखा. वर्षातून एकदा तरी आमच्या पंख्यातली धूळ काढा, जिथे वारा लागेल अशा जागी ठेवा, आणि आम्ही अडलो तर आधी चापट मारू नका. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. खेळ असो, वर्ग असो, की घरातली पंगत, आपल्याला सगळं दिसतं म्हणून दुसऱ्यालाही दिसतच असेल, असं धरून चालू नका. जो गप्प बसला असेल, त्याला नाव घेऊन विचारा.

आता नऊ रविवार झाले, मला कोणी चालू केलेलं नाही. शौनक सुट्टीला येतो, तेव्हा चौघे बाहेर भटकायला जातात. अभिजीत वॉकर सोडून परत कामावर जायला लागलाय, इतर रविवारी त्याची पहिली पाळी असते. काकूंनी माझ्यावर जुन्या साडीचा तुकडा टाकलाय आणि त्यावर आता वर्तमानपत्रांची चळत वाढते आहे. पूर्वी अशा वेळी मला फार वाईट वाटायचं. हल्ली दुपारी तो कामावरून परततो, तेव्हा जिन्यावर त्याची पावलं ऐकू येतात, एक जरा जड, एक हलकं, आणि मला वाटतं, नका लावू मला, असाच पडून राहू दे.