दोन भावांचा एक पाट

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाचा एक जुना पाट आहे. मालवणजवळच्या एका घरातला गणपती दरवर्षी माझ्यावर बसतो. धोंडू आणि सहदेव या भावांच्या आजोबांनी घरामागच्या परड्यातल्या फणसापासून मला करून घेतलं. चतुर्थीच्या आधी मला गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे पोचवतात आणि मूर्ती माझ्यावरच घडते. तेव्हा काय माझा थाट! उरलेलं वर्ष मात्र माळ्यावर धूळ खातो. चालायचंच.

दोघे भाऊ शेजारी शेजारी राहतात, गणपती मात्र दोघांचा एकच. सहदेव प्रेमळ, पण राग नाकाच्या शेंड्यावर. कुणी हसलं की त्याला वाटतं, मलाच हसले. धोंडूला कुणी शिवी दिली तरी तो म्हणेल, बिचाऱ्याचं पोट दुखत असेल!

मला दोघांनी मिळून शाळेत न्यायचं, हा घरचा रिवाज. यंदा सहदेवाची कंबर धरली होती, म्हणून धोंडू मला एकटाच घेऊन गेला. सांगून गेला नाही, तेवढंच चुकलं. झालं!

"माका विचारूक सुद्धा नाय! गणपती काय तेचो एकट्याचो?" सहदेव बायकोपाशी, विमलापाशी, कडाडला.

"अवो, तुमची कंबर दुखता म्हणान भावजी एकटे गेले."

"तुका काय कळता! मी माझो वेगळो गणपती हाडतंय."

मित्रांनो, आमच्याकडे गणपती वेगळा झाला की घर फुटलंच समजा. आणि सहदेव खरोखरच नवा कोरा पाट काखेत मारून शाळेत आला! नेमका त्याच वेळी धोंडू पितांबराचा रंग सांगायला दारात हजर. आता जुंपणार, असं मला वाटलं.

पण नवा पाट पाहून धोंडूचा चेहरा फुलला. "अरे सहदेवा! जुन्याचो पाय डुगडुगता, ह्या तुझ्या ध्यानात इला? कंबर दुखत असताना पाट हाडलंस? किती रे करतंस घरासाठी!" त्यानं भावाची पाठ थोपटली.

भांडायला आलेल्या सहदेवानं काखेतला पाट हळूच खाली ठेवला. मग त्याचे डोळे भरून आले.

"दादा, गणपती जुन्याच पाटार बसांदे," तो कसाबसा म्हणाला. "पाय मी बसवन देतंय. ह्यो नवो... तुका जेवूक बसाक हाडलंय."

लबाड कुठला! पण त्या थापेवर माझा जीव जडला. धोंडूला खरं अजून ठाऊक नाही, आणि मीही सांगणार नाही.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला वाळवीपासून जपा. आणि आपल्या माणसानं न विचारता काही केलं, तर आधी त्याचा बरा अर्थ लावून बघा. चुकला तर चुकला. भाऊ तरी हातचा जाणार नाही.